चाळीस टन, खाली उतरताना

बाबांनी विजेचा घोडा बुक केला, तेव्हा त्यांच्या हातात फक्त साडेचार महिने उरले होते. हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. घोडा म्हणजे ट्रेलरला जोडायचं पुढचं डोकं, ओझं ओढणारं. बाबा जयवंता पाटील तीस वर्षं मोहोपाड्याच्या कारखान्यांचा माल बोरघाट चढवून वर नेत होते. बुकिंगची बातमी पसरली तेव्हा ट्रक स्टँडवर सगळे हसले. “शेठ, खोपोलीला दोन बैल उभे ठेवा, ढकलायला,” असं कोणीतरी म्हणालं होतं. बाबाही हसले, पण बुकिंग त्यांनी रद्द केलं नाही.

गाडी आली ती त्यांच्या तेराव्यानंतर अकरा दिवसांनी. कंपनीचा विपुल नावाचा मुलगा ती भिसेगावच्या आमच्या घराजवळ लावून गेला. सात दिवस चालवून बघा, नको असेल तर शनिवारी येऊन घेऊन जातो, असं त्याचं म्हणणं. गाडी गेली की बाबांचा धंदाही संपणार होता, कारण जुन्या घोड्याचं इंजिन त्यांच्या आजारपणातच बसलं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. गाडी चालवणं मला येत नाही. ती ठेवायची की नाही, हे खरं तर धाऊकाकांवर होतं. ते बाबांचे अठ्ठावीस वर्षांचे ड्रायव्हर.

“आवाज नाय तिला,” धाऊकाका म्हणाले. “आवाज नसलेल्या गाडीला चढावर काय होतंय, ते कसं कळायचं?”

“एकदा घाट करून बघा. मी येते बरोबर.”

“तू? येऊन काय करशील गं?”

“पुस्तक वाचलंय मी तिचं. तीनशे बारा पानं.”

“मग तुझा बाप चुकला. ड्रायव्हर तुला करायला हवं होतं.”

गुरुवारी सकाळी मोहोपाड्याहून निघालो. मागे पत्र्याची गुंडाळी, सगळं मिळून चाळीस टनांच्या वर. खोपोलीला पडद्यावर बॅटरीचे एक्क्याण्णव टक्के होते. धाऊकाकांनी सवयीनं उजवा पाय दाबला, डावा हात गिअरकडे गेला आणि रिकाम्या जागी थांबला. गिअर नव्हतेच.

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला नीट शब्द सापडत नाहीत. इतर ट्रक घाटात कण्हत, धूर सोडत, माणसाच्या चालीनं चढत होते. आम्ही त्यांच्या शेजारून निघून गेलो. मला टायरखालची खडी ऐकू येत होती. एका वळणावर दरीतल्या झाडीतून पक्ष्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाऊकाकांनी आयुष्यभरात या घाटात पक्षी ऐकला नव्हता.

“अगं आई गं,” एवढंच ते म्हणाले.

खंडाळ्याला साठ टक्के उरले. तळेगावला माल उतरवला, परतीला तितक्याच वजनाचे यंत्राचे भाग घेतले, आणि लोणावळ्याला चार्जिंगच्या जागी आलो तेव्हा आकडा पस्तीसवर होता. तेवढ्यात आम्ही मोहोपाड्याला आरामात पोचलो असतो. पण धाऊकाकांनी चार्जिंगची केबल जोडली आणि हातांची घडी घालून उभे राहिले.

“फुल होऊ दे. जयवंताशेठचा नियम हाय. टाकी फुल केल्याबिगर घाटाच्या तोंडाला जायचं नाय. मधेच इंजिन बंद पडलं तर ब्रेकची हवा पण जाते. माझ्या डोळ्यादेखत गेलीय एकाची.”

मला माहीत होतं की ही गाडी वेगळी आहे. दोनशे सोळाव्या पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं: उतारावर निघताना बॅटरी पूर्ण भरलेली नको. पण “जयवंताशेठचा नियम” म्हटल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाबांचं सांगणं या जगात अजून कोणीतरी पाळतंय, हे मला हवं होतं. पावणेदोन तास आम्ही तिथं वडापाव खात, चहा पीत घालवले. शंभर टक्के झाले.

खंडाळ्याच्या पहिल्याच उतारावर धाऊकाकांनी गाडी रोखून धरायची दांडी खाली ओढली. काहीच झालं नाही. पडद्यावर पिवळी अक्षरं आली. मागचे चाळीस टन आम्हाला पुढे रेटू लागले. त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि एका रुंद कडेला गाडी उभी केली. त्यांच्या मानेवर घाम होता.

“ही धरत नाय,” ते म्हणाले. “सकाळी तळेगावच्या वाटंला धरत होती. शनिवारी देऊन टाक ही. मी घाटात नाय मरायचा.”

“धरत नाही, कारण चूक माझी आहे,” मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. उतारावर चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, आणि ती वीज तयार होण्याच्या ओढीनंच गाडी अडते. पण बॅटरीत जागा नसेल, तर ती वीज जाणार कुठे? “मला माहीत होतं, काका. बाबांचं नाव काढलंत म्हणून गप्प बसले.”

त्यांनी बाहीनं मानेवरचा घाम पुसला.

“तुझा बाप डिझेलचं बोलायचा गं,” ते म्हणाले. आवाज मऊ होता. “हिचं त्याला तरी कुठं ठाऊक होतं? तू वाचलंस, तर तू सांगायचं. मग आता?”

“थोडी वीज संपवायची.”

“भरायला दोन तास, आनि आता संपवायची?” ते हसायला लागले. “स्टँडवर हे सांगू नको कुनाला.”

गाडी वळवून आम्ही कामशेतपर्यंत गेलो आणि काही काम नसताना परत आलो. चौऱ्याऐंशी.

या वेळी दांडी ओढताच गाडी एखाद्या मोठ्या हातानं मागून धरल्यासारखी संथ झाली. धाऊकाकांचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी होता. एक वळण, दुसरं वळण, पाय खाली आलाच नाही. मग त्यांनी तो मागे घेऊन जमिनीवर ठेवला. पडद्यावर चौऱ्याऐंशीचे पंच्याऐंशी झाले. मग शहाऐंशी. सह्याद्रीचा एवढा मोठा कडा आम्ही उतरत होतो, आणि सकाळी चढताना जे खर्च झालं होतं त्यातलं काही तो थेंबाथेंबानं परत करत होता. कित्येक कोटी वर्षं तो उंचावर असाच उभा होता, आणि इतकी वर्षं आमच्या गाड्यांनी उतारावरचं ते बळ ब्रेकमध्ये जाळून टाकलं होतं. मी आकड्याकडे पाहत राहिले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी पूर्ण नवीन वाटत होतं.

खोपोलीत पंच्याण्णव.

धाऊकाका खाली उतरले, मागच्या चाकापाशी वाकले, आणि आधी जरा लांबून, मग सरळ, चाकाच्या आतल्या लोखंडाला हात लावला. तिथंच ठेवला. घाट उतरून आलेल्या ट्रेलरच्या त्या जागेला हात लावला तर एरवी कातडी सोलून निघते.

“ये, बघ,” ते म्हणाले. मीही हात ठेवला. कोमट होतं. खोपोलीत थांबताना दाबलेल्या ब्रेकची तेवढी ऊब होती.

“सोलापूरला जाईल का गं?”

“जाईल. पण मधे दोनदा थांबावं लागेल. प्रत्येक वेळी दीड तास तरी.”

त्यांनी हाताला लागलेली धूळ पँटीला पुसली. मला वाटलं, आता नाही म्हणतील. कारखानेवाले तीन तास जास्त कशाला देतील, हा विचार माझ्याही मनात होता.

“लांबचं भाडं मग ज्याला घाई नाय त्याचंच घेऊ,” ते म्हणाले. “घाटाचं सगळं आपन करू. त्या विपुलला सांग, शनिवारी यायचं असेल तर जेवायला ये म्हनावं. गाडी न्यायला नको.”

आणि चाकाजवळून निघून ते केबिनमध्ये चढले.