सरळ माणसाचा उलटा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जुनं असण्यात विशेष काही नाही. थोडा धीर धरला की कुणालाही जुनं होता येतं. माझं वेगळेपण असं, की मी आयुष्याचा मोठा भाग खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत काढला आणि तरीही माझी गणना प्रतिष्ठित दरवाजांत होत असे.

पाडलेल्या एका घराच्या तुळईतून सुताराने मला घडवलं. हाताने सावकाश आणि तोंडाने त्याहून सावकाश असा तो माणूस. त्याने माझ्या अंगावर एक कुंडी कोरली, कुंडीतून वर चढणारी वेल आणि वेलीवर दोन पक्षी. उजवीकडचा पक्षी जरा जाड झाला. "खाऊनपिऊन सुखी आहे," असं म्हणून सुतार पुढच्या पानाकडे वळला. यंत्राने केलेले पक्षी एकसारखे असतात, मित्रांनो. हाताने केलेल्यांना स्वभाव असतो.

रांगत्या बाळाला दार उघडता येऊ नये म्हणून पितळी मूठ मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला बसवली होती. इथवर सगळं ठीक होतं. पण मला चौकटीत बसवायच्या दिवशी नेमका सुताराला ताप आला आणि त्याने आपल्या मेहुण्याला पाठवलं. मेहुण्याला कामाचा उरक दांडगा. विचार करण्यात तो वेळ दवडत नसे. घराचे मालक शेजारी उभे राहून "हं, जरा डावीकडे, अजून डावीकडे" अशी देखरेख करत होते. मेहुण्याने बिजागऱ्या ठोकल्या, हात झटकले आणि गेला. कुंडी वर, वेल खाली लोंबलेली, पक्षी शीर्षासनात आणि मूठ गुडघ्यापाशी.

मालकीणबाई बाळाला कडेवर घेऊन आल्या. "अहो, दार उलटं लागलंय."

आता आमचे मालक छापखान्यात प्रूफं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा त्यांचा व्यवसाय. अशा माणसाच्या देखरेखीखाली चूक होणं शक्यच नव्हतं.

"उलटं नाही. मीच तसं लावून घेतलंय."

"ते का?"

"वेल खालीच लोंबते. जरा निसर्गाकडे बघत जा."

"आणि कुंडी?"

"टांगलेली आहे."

"आणि पक्षी?"

मालकांनी मान वाकडी करून पक्ष्यांकडे पाहिलं. "उतरतायत."

विषय संपला. मला सगळ्यांत आधी त्या बाळानेच उघडलं. बाकीची मंडळी उघडायला वाकू लागली. पाहुणा दारात आला की कमरेत वाकायचा आणि वर बघायचा तो समोर मालक उभे! "आत यावं तर असं नम्रपणे यावं," मालक म्हणायचे. एकदा छापखान्याचे मोठे साहेब आले आणि तेही वाकले. मालकांनी तो प्रसंग पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून सांगितला.

गुडघ्यांना मात्र कुणाची भीड नसते. मालक निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांचे गुडघेही निवृत्त झाले. मूठ खाली, गुडघे वाकायला तयार नाहीत. घरात कुणी असलं की मालक बाहेर उभं राहून खोकायचे. "दार उघड" म्हणायचं नाही, नुसतं खोकायचं. सूनबाई धावत यायची. घरात कुणी नसलं तर पायरीवर बसायचे.

एकदा भर दुपारी शेजाऱ्याने विचारलं, "काय हो, आत नाही जायचं?"

"आत रोजच जातो. आज ऊन खातोय."

"या वेळेला?"

"ऊन या वेळेलाच ताजं मिळतं."

सूनबाई बाजारातून परतली तेव्हा मालक लालबुंद झाले होते. "बाबा, एका दिवसाचं काम आहे. दार फिरवून घेऊ या ना."

"फिरवायला ते चुकलंय कुठे?"

मला सरळ करायचं, म्हणजे इतकी वर्षं मी उलटा होतो हे कबूल करायचं. त्यापेक्षा मालकांनी बाहेर जाणंच सोडलं. संध्याकाळचं फिरणं बंद, बागेतल्या मित्रांशी वाद बंद. खिडकीशी बसून ते जुनी वर्तमानपत्रं तपासू लागले. मी त्यांना रोखून धरणारा दरवाजा झालो होतो, मित्रांनो. लाकडालासुद्धा ते लागतं.

अशात एका मासिकाच्या बाई आल्या. जुन्या घरांवर त्यांचा फार जीव. मला बघून त्यांनी आ वासला. "अय्या! वेल वरून खाली! कलावंताने गुरुत्वाकर्षणालाच प्रश्न विचारलाय!" मालक म्हणाले, "विचारणारच." बाईंनी मालकांना माझ्याशेजारी उभं करून फोटो काढला.

मासिक आलं आणि मालक कडाडले. "फोटो उलटा छापलाय! मी डोक्यावर उभा आहे! कुणी तपासलं हे?" छापणाऱ्या कुणा शहाण्याने कुंडी वर बघून फोटोच फिरवला होता.

मालकीणबाईंनी मासिक हातात घेतलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. कुंडी खाली होती, वेल वर चढत होती.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हा जाडा पक्षी गातोय की! मला इतकी वर्षं वाटायचं, पडतोय."

दुसऱ्या दिवशी चहा देताना त्यांनी विषय काढला. "अहो, कंटाळा आला मला या सरळ दाराचा. एकदा उलटं लावून बघायचं का? माझी हौस म्हणून."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बायकोकडे पाहत राहिले. शब्दाशब्दात चूक शोधण्यात त्यांची हयात गेलेली. ही चूक तर ढळढळीत होती. मी श्वास रोखून धरला.

"उलटं बरं नाही दिसायचं," ते म्हणाले.

"न का दिसेना."

"लोक हसतील."

"मला हसतील."

मालकांनी चहाचा घोट घेतला. "तुझी एवढी हौसच असेल, तर माझी हरकत नाही."

नवीन सुतार आला आणि मी सरळ झालो. मालकांनी ताठ उभं राहून मूठ फिरवली. आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग कुणाला काही न सांगता बागेकडे चालू लागले.

हल्ली पाहुणे आले की मालक मला थोपटतात आणि सुस्कारा टाकतात. "मूळचं दार बघायला हवं होतं तुम्ही. हिच्या हट्टापायी उलटं करून घ्यावं लागलं. करणार काय!" मालकीणबाई पाहुण्यांना सरबत देतात आणि हूं की चूं करत नाहीत.

मित्रांनो, जुन्या दरवाजांच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल द्या. हाताने कोरलेल्या जाड पक्ष्यांना हसू नका. आणि तुमच्या घरातलं एखादं माणूस बरीच वर्षं उलटं लागलेलं असेल, तर त्यालाही जरूर सरळ करा. फक्त ते करताना, आपण उलटं करतोय असं सांगा.