माझ्या तोंडावरचा छापा

मी एक जुना व्हॉलीबॉल आहे, मित्रांनो, आणि चार वर्षं माझं तोंड बंद होतं. ही थट्टा नाही. व्हॉलीबॉलला तोंड एकच असतं, हवा भरायचं, मोहरीच्या दाण्याएवढं. तेवढं बंद झालं की आमचा कारभार आटोपला. आज माझी कातडी सोलली आहे, शिवणीत लाल माती बसली आहे, दिसायला मी काही धड राहिलेलो नाही. तरी माझं ऐका, कारण मी फार दिवस गप्प होतो.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. आधी रबराची पिशवी, तिच्यावर दोऱ्याचे हजारो वेढे, आणि त्यावर निळे-पिवळे अठरा तुकडे चिकटवून मला गोल केलं. तिथून मी नागपूरला एका मोठ्या स्पर्धेत आलो. मुलींचा अंतिम सामना होता. पाचवा डाव, चौदा-तेरा, आणि सर्व्हिस करायला उभी राहिली बुधरी. भामरागडकडच्या जंगलातल्या एका गावची, अंगापिंडाने बारीक, पण हात असा की लागला की मला माझे दोरे मोजता येत. तिने मला मारलं. मी जाळीच्या पट्टीला लागलो, क्षणभर कुठे पडावं ते मलाच कळेना, आणि पलीकडे टपकन पडलो. झाला खेळ खलास. लोक म्हणाले बुधरीने जिंकलं. खरं आहे, पण थोडं माझंही अंग होतं त्यात.

सामना संपताच एक माणूस चकचकीत स्टिकरांचा गठ्ठा घेऊन मैदानात आला. खेळलेल्या चेंडूला, जाळीला, मुलींच्या जर्सींना, जे दिसेल त्याला तो एकेक स्टिकर लावत सुटला. चांदीसारखा चौकोन, हलवला की आत इंद्रधनुष्य, आणि खाली आठ आकडी नंबर. ही वस्तू खऱ्या सामन्यातली आहे, नक्कल नव्हे, याचा तो पुरावा. काढायला गेलं तर तो अखंड निघत नाही, चिंध्या होतात, म्हणजे कोणी दुसऱ्या चेंडूला लावून फसवू नये. कल्पना चांगलीच होती. पण त्या माणसाच्या कानाला फोन होता, लक्ष तिसरीकडे होतं, आणि त्याने तो स्टिकर नेमका माझ्या तोंडावर चिकटवला. वर अंगठ्याने दाबलाही. मग पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात घालून मला बुधरीच्या हाती दिलं, फोटो काढले, टाळ्या झाल्या.

दोन बस आणि एक ट्रॅक्टर बदलून आम्ही तिच्या गावी पोहोचलो. तिचे वडील कोलू अंगणात बांबूच्या कमच्या सोलत बसले होते. त्यांची सगळी उमर लाकडाच्या डेपोत गेली होती. तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावर हातोड्याने छापा मारायचा, हे त्यांचं काम. छापा असलेलं लाकूड हिशेबातलं, बिनछाप्याचं चोरीचं. घरात ते गोंडीत बोलत, मी हळूहळू शिकलो, तुम्हाला सांगताना मात्र मराठीतच सांगतो. पण त्या दिवशी शेजारपाजारचे जमले होते म्हणून बोलणं सगळ्यांना कळेल असं, मराठीतच चाललं होतं.

कोलूंनी डबा उन्हाकडे धरला. "कोणत्या डेपोतला आहे हा?"

"डेपोतला नाई बाबा. मॅचमधला आहे."

"छापा आहे, नंबर आहे. मंग छाप्याचाच माल झाला ना हा." त्यांनी आकडे एकेक करून पाठ केले. "कोणी हात नोको लावू."

लोक हसले. मीही मनातल्या मनात हसलो. मला काय माहीत, की त्या दिवशी मला जन्मठेप झाली होती.

आड्याखालच्या, म्हणजे छपराच्या मधल्या तुळईखालच्या, फळीवर माझा डबा गेला. पंडुमाला, म्हणजे तिकडच्या सणाला, पाहुणे आले की कोलू मला खाली काढत, धोतराने डबा पुसत, नंबर म्हणून दाखवत आणि पुन्हा वर ठेवत. खाली चूल होती. धूर वर येई आणि पुसूनही न निघेल असा डब्यावर साचे. पहिल्या वर्षी मला घर दिसत होतं, दुसऱ्या वर्षी घराच्या सावल्या, आणि मग नुसता चुलीचा उजेड. पोटातली हवा हळूहळू जात होती. ती जातेच. कोणी सुई घालून भरली तर परत येते, पण सुई जायला वाट कुठे होती? एका बाजूने मी आत बसलो. खोबरं वाळून करवंटीला सुटावं तसं माझं झालं. सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची. शाळेमागच्या मैदानावर पोरं खेळत आणि धप्प, धप्प असा आवाज येई. मला तिथे जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मधल्या काळात बुधरीचा गुडघा गेला. सामन्यातच पाय मुरगळला, शस्त्रक्रिया झाली, संघाने दोन महिने वाट पाहिली आणि मग पाहायचं सोडून दिलं. ती गावी परत आली. बरेच दिवस ती मोह वेचायलाही गेली नाही, नुसती उंबऱ्याशी बसून असायची. मग एक दिवस गावातल्या नऊ-दहा मुलींना गोळा करून ती मैदानावर गेली आणि त्यांना शिकवू लागली. तेव्हापासून तिचा आवाज घरात ऐकू यायला लागला. पोळा झाला की तालुक्याला सामने होते. तिथे हा संघ उतरवायचा, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

आणि पोळ्याला तीन आठवडे उरले असताना त्यांचा एकुलता एक चेंडू कुंपणाच्या बांबूवर जाऊन फाटला. नवा आणायचा तर नाल्याचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली. त्या भागात पूर आला की गाव आठवडेच्या आठवडे बेट होऊन बसतं, त्यात कोणाला नवल वाटत नाही.

बुधरीने बसायच्या मोढ्यावर चढून मला खाली काढलं. किती दिवसांनी तिचा हात लागला! तिने मला दाबून पाहिलं, फिरवलं, तोंड शोधलं, आणि स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. इतक्यात कोलू आले. त्यांनी तिचं मनगट धरलं. ते कधी आवाज चढवणारे नव्हते, तेव्हाही चढवला नाही.

"काऊन काढून राह्यली?"

"हवा भराची आहे, बाबा. छापा तोंडावरच लावून ठेवला त्यायनं."

"छापा गेला त तू जितली होती हे उद्या कोण मानन?"

"अन् छापा राह्यला त माह्या पोरी खेळतीन कशानं?"

कोलूंनी वर बोट दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "तो आडा पाह्य."

मित्रांनो, त्या आड्याखाली मी चार वर्षं काढली, पण त्याची गोष्ट मला त्या दिवशी कळली. आधी त्या घराला सागाचा आडा होता. रीतसर परवान्याचा, कोलूंनी स्वतः छापा मारलेला. काही वर्षांनी त्याच्या टोकाला वाळवी लागली. कोलूंनी कुऱ्हाड घेतली आणि किडलेलं टोक तोडून टाकलं. छापा त्याच टोकावर होता. ज्या हाताने मारला त्याच हाताने तोडला, आणि छाप्यांत उमर गेलेल्या या माणसाच्या ते ध्यानातही आलं नाही. परवान्याचा कागद पावसात लगदा झालेला. पुढे जंगलखात्याची माणसं तपासणीला आली, त्यांना छापा दिसला नाही. कोलू सांगत राहिले, हात जोडत राहिले. आडा गाडीत घालून नेला. तो पावसाळा या घराने ताडपत्रीखाली काढला, आणि बुधरी तेव्हा पाळण्यात होती. आता आहे तो बांबूचा आडा.

"आपलं असून आपलं नाई म्हणतेत," कोलू म्हणाले. "तुही जीत तरी नेऊ देणार नाई मी."

बुधरीने मला डब्यात ठेवलं. डबा स्वतःच फळीवर सरकवला. झाकण नीट लागलं नव्हतं, त्या फटीतून मी वरून पाहत होतो. ती गुडघा धरून बसली, ते पाठ करून बसले, आणि मी डब्यात. त्या एका घरात आम्ही तिघं अडकलो होतो. मला कोलूंचा राग येत होता आणि त्याच वेळी त्यांचं बरोबरही वाटत होतं. असं झालं की फार त्रास होतो.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावरून धप्प आवाज आला नाही. पण मुलींचा आवाज येत होता. "माझा! माझा!" कोलू बैल बांधायला गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. त्यांनी बायकोला सांगितलं ते मी ऐकलं. मुली चेंडूशिवाय सराव करत होत्या. बुधरी हात वर करून नसलेला चेंडू फेकत होती, आणि एकेक पोरगी धावत येऊन, उडी मारून, रिकाम्या हवेवर हात मारत होती. दहा पोरी, आणि कोणीही हसत नव्हती.

त्या रात्री कोलू जेवले नाहीत. सकाळी त्यांनी मला बगलेत मारलं, वर छत्री धरली, आणि थेट ग्रामसभेत गेले.

आता हे सांगायला हवं, की त्या गावाला अलीकडे आपल्या जंगलाचा हक्क मिळाला आहे. बांबू आणि तेंदूपत्ता बाहेर न्यायचा तर पास ग्रामसभाच देते, शिक्कासुद्धा गावाचाच. तो सांभाळतात केसरबाई. पावसाळ्यात पासबुकाला काम नसतं, म्हणून ते पेटीत मेणकापडात गुंडाळून ठेवलेलं असतं.

कोलूंनी डबा सगळ्यांपुढे ठेवला. "याचा छापा मले काढाचा आहे. पास पाह्यजे."

मागून कोणीतरी हसलं. केसरबाई हसल्या नाहीत. त्यांना आड्याची गोष्ट माहीत होती. त्यांनी पेटी उघडली, मेणकापड सोडलं, पेन झटकलं.

"मालाचा प्रकार?"

"चेंडू. बुधरीनं नागपुरात जितलेला." मग त्यांनी आठही आकडे सांगितले. डब्याकडे न पाहता.

"नग?"

"एक."

"कुठी नेता, कोलूभाऊ?"

"ग्राउंडावर."

केसरबाईंनी लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "मुदत किती दिवसाची टाकू? पासले मुदत लागते."

कोलूंनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांनी स्टिकर सोडून मला पाहिलं, असं मला वाटलं. डबा उघडून माझं बसलेलं अंग त्यांनी अंगठ्याने चाचपलं.

"फुटेपर्यंत टाका," ते म्हणाले.

कागदावर गावाचा शिक्का बसला. तो सगळ्या सभेला वाचून दाखवला, कोणी हरकत घेतली नाही.

स्टिकर कोलूंनीच काढला. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून बोटाने चोळत राहिले. इंद्रधनुष्याच्या चिंध्या निघाल्या, माझ्या अंगावर चांदीचे बारीक ठिपके राहिले. मग बुधरीने सुई आपल्या तोंडात ओली केली आणि माझ्या तोंडात घातली. मित्रांनो, ती पहिली हवा मी तुम्हाला कशी सांगू? माझ्या आतले सगळे दोरे दुखले. मला वाटलं, आता फुटतो. पण मी गोल झालो.

तालुक्याला आमचा संघ दुसऱ्या सामन्यात हरला. पुढच्या वर्षी तिसऱ्यापर्यंत गेला. ठिपके केव्हाच घासून गेले. मी त्या नागपूरच्या सामन्यातला चेंडू आहे याची आता माझ्या अंगावर एकही खूण नाही. पण गावात कोणालाही विचारा.

तुमच्याही घरात एखादी वस्तू जपायची म्हणून कोंडून ठेवलेली असेल. ज्याने ठेवली त्याच्यावर रागावू नका, त्याचाही कुठला तरी आडा गेलेला असतो. पण एकदा ती खाली काढा, आणि ती ज्या कामासाठी झाली तिथे घेऊन जा.

माझा डबा अजून फळीवर आहे. पंडुमाला पाहुणे आले की कोलू तो खाली काढतात, धोतराने पुसतात. आत केसरबाईंच्या अक्षरातला पास आहे. मी तेव्हा मैदानावर असतो.