दवाखान्यातली चढण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. मी कुठल्या माडीवर नेत नाही की देवळात पोचवत नाही. माझ्यावर एका बाजूने चढायचे, दुसऱ्या बाजूने उतरायचे, वळायचे आणि पुन्हा तेच करायचे. मला पहिल्यांदा पाहणारा हसतोच.

१९७४ साली नाशकात मोतीराम सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले. "डॉक्टर, ही चढून जायचं कुठं?" त्याने विचारले.

"माणसाच्या हृदयापर्यंत," डॉक्टर पिंगळे म्हणाले.

मला ती थट्टाच वाटली. पण त्यांच्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढणारे यंत्र होते. माणूस निवांत पडलेला असला की त्याची रेघ बहुधा शहाण्यासारखी चाले. हृदयाला रक्त कमी पोचत असले, तरी विश्रांतीत तेवढ्यात भागते. तोच माणूस माझ्यावर चढउतार करून पुन्हा पडला, की भागेनासे होई आणि रेघेचा एक तुकडा खाली बसे. छातीआडची टंचाई चक्क कागदावर! ते पाहून मी थक्क होई.

दहा वर्षांनी सरकत्या पट्ट्याचे यंत्र आले. त्याचा वेग वाढवता येई, चढही वाढवता येई आणि चालता चालताच आलेख निघे. माझ्या नजरेतून निसटलेले दुखणे तो पट्टा पकडायचा. मग मी कोपऱ्यात गेले. नर्स मंगलाबाईंनी माझ्यावर कापसाचे गठ्ठे रचले. खोटे कशाला सांगू, मी मनातून जळत होते.

एके दिवशी हरसूलकडच्या डोंगरातून बुधा आपल्या बायकोला, अक्काबाईला, घेऊन आला. ती खालच्या झऱ्यावरून डोक्यावर हंडा घेऊन रोज टेकडी चढायची.

"चढण लागली का इठं दाबतं," ती छातीवर मूठ ठेवून म्हणाली. "बसलं का जातं."

पडून काढलेला आलेख चांगला आला. मग तिला पट्ट्यावर उभे केले.

"अवं, भुईच पळत हाय!" तिने घाबरून दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली आणि सगळा भार त्या दांडीवरच टाकला. रेघ शहाण्यासारखीच चालत राहिली.

बुधाचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे काय नाय ना? मंग उद्यापून हंडा उचलाया हरकत नाय?"

डॉक्टरांनी अक्काबाईचे लाल झालेले तळहात पाहिले. "थांब बुधा. हिचा भार दांडीनं उचलला, हृदयानं नाही. मंगलाबाई, ती जुनी पायरी काढा."

जरा विश्रांती झाल्यावर अक्काबाई माझ्यासमोर आली आणि हसली. "ही तं आमच्या टेकडीवानी." पदर खोचून ती मोकळ्या हातांनी चढू लागली. तिची पावले आधी भराभर पडत होती, मग जड झाली. तिने मुकाट्याने छातीला हात लावला. डॉक्टरांनी तिला लगेच थांबवून आडवे केले.

यंत्रातून कागद सरकू लागला आणि रेघ खाली बसली. जिभेखाली गोळी दिल्यावर ती रेघ हळूहळू वर आली. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा रेघेत मावते, याचे मला आजही नवल वाटते.

"मी हिला आळशी म्हनत व्हतो, डॉक्टर," बुधा म्हणाला.

डॉक्टरांनी हंडा बंद केला, औषधे सुरू केली आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायला तिला मुंबईला पाठवले. तिथे तिचे ऑपरेशन झाले. पुढे ती बुधाबरोबर दवाखान्यात आली तेव्हा मंगलाबाईंनी विचारले, "आता पाणी कोण भरतं गं?"

"ह्येच भरत्यात," अक्काबाई लाजून म्हणाली. "गावातली मानसं हासत्यात त्यांना."

"हासू दे," बुधा म्हणाला.

मित्रांनो, पट्टा चांगलाच होता आणि मीही चांगली. कुणाला काय लावायचे, ते डॉक्टर ठरवतील. तुमचे काम सोपे आहे. चढणीवर कुणी थांबून छातीला हात लावला, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याचे ओझे आपल्या डोक्यावर घ्या आणि त्याला लगेच दवाखान्यात न्या. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल.