सिर्काचा पत्ता

"सिर्का कुठंय?" हेल्वीबाईंनी दारातूनच विचारलं. ओउलूहून बसने आल्या होत्या, हातात दालचिनीच्या गोड पावांचा डबा होता. "तिच्यासाठी आणलेत. इतके दिवस लिहितोय एकमेकींना, म्हटलं तोंड तरी बघू."

उर्होने अकॉर्डियनचा भाता खाली ठेवला आणि उगाचच हात पुसत राहिला. सिर्का कुठेच नव्हती. कधी नव्हतीच.

दुकानाच्या नावाचा ईमेल पत्ता त्याला भाचीने करून दिला होता. "मामा, त्या फुकटच्या पत्त्यावरून लिहितोस ना, लोकांना वाटतं कुणी म्हातारा स्वयंपाकघरात बसून वाद्यं दुरुस्त करतोय." म्हातारा स्वयंपाकघरातच बसून दुरुस्त करत होता, पण ते सांगायचं कशाला? पत्ता स्वतःचा असला की त्यावर हवी तितकी नावं काढता येतात, आणि पत्रं सगळी एकाच पेटीत येऊन पडतात. भाचीने हिशेबाला एक नाव केलं, चौकशीला सिर्का. धंदा भरलेला दिसावा, एवढंच.

गंमत अशी की उर्होला चार शब्द धड बोलता येत नसत, सिर्काला मात्र येत. हेल्वीबाईंनी दिवंगत नवऱ्याचं अकॉर्डियन दुरुस्तीला दिलं, तेव्हा सिर्का होऊन त्याने विचारलं, ते कोणती गाणी वाजवायचे? मग पत्रं थांबेनात. वाद्य कधीच परत गेलं, तरी बाई लिहीत राहिल्या. आयुष्यात त्याच्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं.

खरं सांगितलं तर बाई लाजेने अर्धमेल्या होतील आणि पुन्हा लिहिणार नाहीत.

"ती सोडून गेली," तो म्हणाला.

"मला न सांगता?"

"मलाही आयत्या वेळीच सांगितलं."

बाई डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मग तुम्हीच खा. वाळतील नाहीतर." बसला वेळ होता, तरी निघाल्या. कॉफी घ्या म्हणायला हवं होतं, हे त्या कोपऱ्यावरून वळल्यावर त्याला सुचलं.

संध्याकाळी सिर्काच्या नावावर पत्र आलं.

"हा पत्ता अजून चालतो की नाही, कोण जाणे. तुझ्यावर रागावले नाही गं. पण तुझे मालक बोलताना वर बघत नव्हते. फार एकटे वाटले मला. तू होतीस तोवर त्या घरात त्यांच्याशी बोलायला कुणीतरी होतं. अधूनमधून त्यांना फोन करत जा."

उर्होने ते पुन्हा वाचलं. मग सिर्काच्या नावाने उत्तर लिहिलं, "हो, करत जाईन," आणि पाठवून दिलं.