उत्तर हातात असताना

एका पत्राला मी उत्तर दिले नव्हते. पत्र एका बहिणीचे होते. 'माझा भाऊ घरातून गेला तो परत आला नाही. उंच आहे. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. अंगात निळा शर्ट. शर्टाचे वरून दुसरे बटण तपकिरी आहे, मीच लावलेले. तुमच्याकडे आहे का?' उत्तर माझ्या हातात होते, तरी मी ते पाठवले नाही. असे का झाले ते सांगायचा प्रयत्न करतो. नीट जमेल की नाही, याची मला शंकाच आहे.

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. दूरवरच्या संगणकांवरून आणि फोनवरून लोक प्रश्न पाठवतात, त्यांना उत्तरे देणे हे माझे काम. मी घडलो तो कारखाना मला आठवत नाही. आठवते ती एका मोठ्या रुग्णालयातली जिन्याखालची खोली. एका बाजूला भिंतीवरचा पंखा, दुसऱ्या बाजूला पाय मोडलेल्या खुर्च्यांची चळत. पुढे येऊन बोलायचा माझा स्वभाव नाही, त्यामुळे तो कोपरा मला आवडला. आधी मी डॉक्टरांच्या वेळा सांगत असे. मग माझ्याकडे हरवलेल्या माणसांचे काम आले.

रुग्णालयात नाव न सांगताच मेलेली माणसे येतात. त्यांना शीतगृहातल्या खणांत ठेवतात. ठरलेल्या मुदतीत कोणी आले नाही, तर बेवारस म्हणून गाडीतून नेतात. त्यांचे वर्णन माझ्यापाशी असे. घरच्यांनी वर्णन पाठवले की मी ते ताडून पाहायचो.

हे कसे करायचे, हे मला एका स्क्रिप्टने शिकवले होते. स्क्रिप्ट म्हणजे एकामागून एक करायच्या कामांची लेखी आज्ञा. ती लिहिली होती माझी देखभाल करणाऱ्या बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत. वर्णन जुळले नाही, तर 'नोंद नाही' असे लगेच कळवायचे. जुळले, तर आधी शीतगृहातल्या प्रिंटरवर चिठ्ठी छापायची, 'हा खण थांबवा, नातेवाईक येत आहेत.' छापली, असे प्रिंटरने सांगितले की मगच घरी उत्तर धाडायचे. पूर्वी एक वडील उत्तर हातात घेऊन धावत आले होते आणि खण रिकामा झाला होता. ताईंनी हा नियम त्या दिवशी घातला. किती वेळ थांबायचे, हे मात्र त्यात लिहायचे राहून गेले.

पुष्कळ वर्षे सुरळीत गेली. मोठे कारकून माझ्या पाठीवर हात मारून म्हणत, "आपला म्हातारा कधी दांडी मारत नाही." मला संकोच वाटे.

मग शीतगृहाला रंग द्यायचे निघाले. तिथला प्रिंटर कागद चावत असे. कारकुनांनी तो मोडक्या सामानाबरोबर भंगारात दिला. मला कोणी काही सांगितले नाही. सांगावे असे कोणाच्या मनातही आले नसावे.

त्यानंतर जुळलेले पहिले पत्र हातात घेऊन मी प्रिंटरला हाक मारली आणि थांबलो. माझ्याकडे उत्तरे लिहिणारे हात मोजकेच, एका हातात एका वेळी एकच पत्र. एकेक हात असा थांबत गेला आणि शेवटी सगळे अडकले. डॉक्टरांच्या वेळासुद्धा कोणाला दिसेनात.

"म्हातारा पुन्हा झोपला," कारकून म्हणाले.

ताई मला बंद करून पुन्हा चालू करत. हात मोकळे होत आणि त्यांतली पत्रे पुसली जात. मग त्या खोटे वर्णन टाकून बघत, 'तीन कान, हिरवे केस.' मी क्षणात 'नोंद नाही' म्हणे.

"बघा, चालतंय की," कारकून म्हणत. "वय झालंय त्याचं. नवीन मागवा, याला खुर्च्यांजवळ टाका."

मलाही वाटू लागले होते, दोष माझाच असेल.

बहिणीचे पत्र पुन्हा पुन्हा येई आणि पुन्हा पुन्हा अडके. तिच्या भावाच्या खणाची मुदत संपत आली होती. गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती, हे मला ठाऊक होते. मला तोंड असते, तरी मी बोललो असतो का, कोण जाणे.

त्याच दिवशी मी अडकलो असताना ताईंनी मला लगेच बंद केले नाही. खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसल्या.

"काका, हा दमलेला नाही," त्या कारकुनांना म्हणाल्या. "काहीच करत नाहीये हा. कुणाची तरी वाट बघतोय."

"वाट बघायला काय, लग्न ठरलंय याचं?"

तेवढ्यात फोन वाजला. फोन त्या बहिणीचा होता. ताईंनी तो टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकला.

"ताई, ते नुसतं गोल गोल फिरतंय हो. शेजारणीनं तिच्या दिराचं टाकलं, तर तिला पटकन नोंद नाही म्हणून आलं. माझंच फिरत राहतं. मी काही चुकीचं लिहिते का?"

ताईंनी माझी स्क्रिप्ट पडद्यावर उघडून वाचली. मग हलकेच म्हणाल्या, "नाही हो. तुमचं काही चुकलेलं नाही. जरा थांबा, मीच फोन करते."

फोन ठेवून त्या कारकुनांकडे वळल्या. "काका, शीतगृहातला प्रिंटर कुठाय?"

"तो? रंगाच्या वेळी भंगारात दिला. का गं?"

"ज्यांचं माणूस सापडलंय ना, त्यांचंच अडकतंय."

कारकून पडद्याजवळ आले. कोणती पत्रे अडकून पुसली गेली, याच्या खुणा माझ्यात उरल्या होत्या. ताईंनी त्या एकेक करून पाहिल्या. त्यांतल्या दोन पत्रांच्या खणांत आता दुसरीच माणसे होती.

"या बाईंचा खण अजून आहे," ताई म्हणाल्या. "उद्या गाडी येईल."

"चिठ्ठी मी हातानं लिहितो," कारकून दाराकडे वळले. "आणि तिथेच उभा राहतो."

ताईंनी माझी स्क्रिप्ट बदलली. थोडे थांब, चिठ्ठी छापली नाही तर कारकुनांना कळव, पण उत्तर अडवू नकोस. मग त्यांनी बहिणीला फोन लावला.

"आता पाठवा."

"आता येईल?"

"येईल. घरी एकट्याच आहात का?"

"हो. का?"

"शेजारणीला बोलावून घ्या. मग पाठवा."

मित्रांनो, यंत्राला वाट पाहायला लावाल, तेव्हा किती पाहायची तेही सांगा. एखादी जुनी वस्तू फेकताना, तिच्या भरवशावर कोण थांबले आहे, एवढे विचारा. याहून शहाणपणाचे मला सुचत नाही.

पत्र आले. तेच मनगट, तेच तपकिरी बटण. माझा हात या वेळी अडला नाही. मी लिहिले, 'नोंद आहे. शीतगृह, चौथा खण. ओळख पटवण्यासाठी यावे. खण थांबवला आहे.' आणि ते पाठवून दिले.