उठून गेलेल्या माणसाची खुर्ची

मित्रांनो, माझ्या चार पायांपैकी तीन एका वयाचे आहेत आणि चौथा त्यांच्याहून पुष्कळ धाकटा आहे. एवढ्यावरून ओळख पटणार नाही, म्हणून सांगते. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. दोन्ही बाजूंना हात असलेली, सरळ पाठीची आणि जराशी मानी. मान मिरवणं बरं नव्हे असं शेजारचं टेबल म्हणतं, पण त्याच्यावर कुणी बसतच नाही, त्याला काय कळणार!

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. माझे हात तो तीन दिवस घासत बसला होता. "माणसाचा तळहात इथेच टेकणार, कुसळ टोचता कामा नये," असं तो स्वतःशीच पुटपुटायचा. तिथून मी एका घड्याळजींच्या घरी आले. खाली दुकान, वर घर. दिवसभर डोळ्याला भिंग लावून काम करायचं आणि संध्याकाळी वर येऊन माझ्यावर टेकायचं, हा त्यांचा नेम. आठवड्यातून एकदा मात्र ते चौकातल्या मनोऱ्यावर चढत आणि तिथल्या मोठ्या घड्याळाला किल्ली देत. चौऱ्याण्णव पायऱ्या होत्या. परत आले की घाम पुसत म्हणत, "दिली किल्ली. आता आठवडाभर गावाला काळजी नाही."

पुढे त्यांचं वजन वाढत गेलं. आधी ते मनोऱ्याच्या मध्यावर दम खायला थांबत, मग पहिल्याच वळणावर थांबू लागले आणि एका आठवड्यात गेलेच नाहीत. मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाचारला थांबलं ते थांबलंच. त्या जुन्या यंत्राला हात लावायला दुसरं कुणी धजेना. आमच्या खिडकीतून ते समोरच दिसायचं, म्हणून घड्याळजींनी त्या खिडकीचा पडदा कायमचा ओढून घेतला.

त्याच वर्षी माझ्या हातून एक अपराध घडला. घरात पाहुणे बसले असताना माझा मागचा डावा पाय काडकन मोडला आणि घड्याळजी जमिनीवर आले. पाहुणे हसले. घड्याळजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला आजही ते आठवलं की लाज वाटते. माझी रवानगी माळ्यावर झाली आणि चार वर्षं माझ्यावर फक्त धूळ बसली.

मग एके दिवशी खाली बोलणं सुरू झालं. घड्याळजी जठर लहान करायचं ऑपरेशन करून घेणार होते. "कशासाठी करायचंय?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "मला चौऱ्याण्णव पायऱ्या चढायच्यात." घर कसं तयार ठेवायचं याचा कागद दवाखान्याने दिला होता. त्यांची लेक तो मोठ्याने वाचत होती. पायात अडकेल असं काही जमिनीवर नको. रोजची भांडी कंबरेच्या उंचीवर हवीत, म्हणजे वाकायला नको. पाणी घोटघोट प्यायला छोटे पेले हवेत. खोकला आला तर पोटाशी धरायला उशी हवी. आणि हात असलेली, उंच, भक्कम खुर्ची हवी.

"आपली आहे की माळ्यावर," बायको म्हणाली.

"ती? ती मला पेलायची नाही," घड्याळजी म्हणाले.

मित्रांनो, माळ्यावर माझ्या जिवाचं पाणी झालं.

पण लेकीने मला सुताराकडे नेलं. म्हातारा आता राहिला नव्हता. त्याची मुलगी काम बघत होती. तिने मला नवा पाय बसवला, बैठकीखाली लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि चारही पायांना दोन-दोन बोटं उंची दिली. इकडे घरातल्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, बिस्किटांचे डबे शेजारी गेले. दवाखान्यातून घरी आल्यावर घड्याळजींनी आधी माझ्या हातांवर तळवे टेकले, जरा भार देऊन पाहिला आणि मग जपून बसले. मी कुरकुरसुद्धा केली नाही.

"धरलं हिने," ते म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या घरात तेव्हा ते फक्त मलाच चालणार होतं!

आता चूक कुठे झाली ते सांगते. बायकोची माया अशी, की तिने सगळं घर माझ्याभोवती गोळा केलं. डावीकडे पाणी, उजवीकडे औषधं, समोर फोन. शिवाय माझ्या दोन हातांवर फळी टाकून त्यांचं भिंग आणि उघडी घड्याळंही मांडली.

"अहो, तुम्ही हलू नका. काय हवं ते मला सांगा."

"आई, कागदात चालायचंही लिहिलंय," लेक म्हणाली.

"चालतील गं, आधी बरे तर होऊ देत."

आणि घड्याळजींनी एकदा डोळ्याला भिंग लावलं की जगात किती वाजले हे त्यांना कळत नाही. ते बसून राहिले आणि मी सुखावले. चौथ्या दिवशी त्यांची पोटरी दुखू लागली. तिघं धावतपळत दवाखान्यात गेली. रक्ताची गाठ तर झाली नसेल, या धास्तीने मी रिकाम्या घरात नुसती ताटकळत होते. संध्याकाळी तिघंही परत आली. गाठ नव्हती. पण डॉक्टर चांगलेच रागावले होते. जागेपणी दर तासाला चालायचंच, असं त्यांनी बजावलं होतं.

"मीच बसवून ठेवलं तुम्हाला," बायकोला रडू आवरेना.

"अगं, मलाही बसणंच गोड वाटलं ना," घड्याळजी म्हणाले. मलाही वाटलं होतं, पण माझं कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी लेकीने दुकानातून सहा गजराची घड्याळं वर आणली. प्रत्येकाला वेगळा तास लावला आणि एकेक खोलीत एकेक ठेवलं, शेजारी पाण्याचा छोटा पेला. दहाला स्वयंपाकघरातलं घड्याळ कोकलू लागलं.

"बंद कर गं ते!" घड्याळजी ओरडले.

"माझे हात ओले आहेत, बाबा!" लेक खोटंच बोलली. बायको ते बंद करायला निघाली, पण दारातच तिने स्वतःला आवरलं आणि चौकट घट्ट धरून ठेवली. वाजत राहिलेलं घड्याळ आमच्या घड्याळजींना कधी सहन झालंय? त्यांनी पोटाशी उशी धरली, दुसरा तळहात माझ्या हातावर रेटला आणि उठले. सुताराने तीन दिवस कशासाठी घासलं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

मग एक घड्याळ जिन्यात गेलं, पुढे दुकानाच्या दाराशी आणि काही आठवड्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीत. आणि बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी घड्याळजींनी मोठी किल्ली खिशात टाकली आणि मनोऱ्याकडे निघाले.

लेकीने खिडकीचा पडदा सरकवला. बायको माझ्या पाठीला धरून उभी होती. किती तरी वेळ समोरचे काटे सव्वाचारवरच होते. मग ते हलले, हळूहळू फिरत दहावर आले, आणि टोले पडू लागले. दहावा टोला झाल्यावर ती मटकन माझ्यावर बसली.

"दिली किल्ली," ती म्हणाली आणि हसत हसत रडली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारातून उठत असेल, तर त्याला टेकायला भक्कम जागा जरूर द्या. पण त्याचा पाण्याचा पेला चार पावलं लांब ठेवा, आणि तो उठेपर्यंत दाराची चौकट घट्ट धरून ठेवा. हल्ली मी बहुतेक वेळ रिकामीच असते. तासातासाला टोले ऐकते आणि मान ताठ ठेवते.