शिवणकाकूंना ऐकू आलं

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझे चकचकीत भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. मी मात्र मनोरुग्णालयातला जुना नादकाटा. एका कारागिराने पोलादाची कांब वाकवून मला घडवलं आणि माझ्या दोन भुजांत एक सूर बसवला. पूर्वी इथे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे कान माझ्यावरच तपासले जात. पुढे गर्दी वाढली, घाई वाढली, आणि मी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर कागद दाबून पडून राहिलो.

तिथूनच मी शिवणकाकूंना पाहिलं. त्या कपडे शिवायच्या. "विचारावं एक, सांगते भलतंच. सारखी पुटपुटत असते," असं म्हणत दिराने त्यांना आणून सोडलं. मोठ्या डॉक्टरांनी एक आजार ठरवला, त्यांच्या जोडीच्या डॉक्टरांनी दुसरा. औषधं मात्र दोन्हींची सुरू झाली! सुईत दोरा ओवणारे हात थरथरू लागले. लेक भेटायला आली की काकू नुसत्या तिच्या ओठांकडे बघत बसायच्या. पोरगी रडवेली होऊन परतायची. मी पोलादाचा, तरी मला ते बघवत नसे.

मग एक तरुण डॉक्टरताई आली. एकदा काकूंच्या पाठीमागे थाळ्यांची चळत धाडकन कोसळली. सगळे दचकले, काकूंनी मानसुद्धा वळवली नाही. ताईने तडक टेबलावरून मला उचललं, गुडघ्यावर आपटलं आणि काकूंच्या कानाशी धरलं. काहीच नाही. मग तिने माझा देठ कानामागच्या हाडावर टेकवला.

"वाजतंय! अगं बाई, वाजतंय!" काकू ओरडल्या.

कानाची नस शाबूत होती, आवाजाची वाट तेवढी अडली होती. अशा माणसाला स्वतःचाच आवाज मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो. तेच ते पुटपुटणं!

कानावर शस्त्रक्रिया झाली. औषधं हळूहळू थांबली. निरोपाच्या दिवशी मोठे डॉक्टर सवयीने ओरडले, "कशा आहात?"

"हळू बोला की, डॉक्टर! मी काय बहिरी आहे?"

डॉक्टर खो खो हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "चुकलं आमचं. दोघांनी आजाराला दोन नावं दिली, कान कुणीच पाहिले नाहीत."

तेवढ्यात दारातून लेक हलकेच म्हणाली, "आई, चल ना." पाठमोऱ्या काकू गर्रकन वळल्या आणि त्यांनी तिला कवेत घेतलं.

पुढे सगळ्याच रुग्णांची फेरतपासणी झाली. बहुतेकांचा मनाचा आजार खराच होता, त्यांना नेमकं औषध मिळालं. काहींना मात्र तो नव्हताच, ते ताठ मानेने घरी गेले.

मित्रांनो, मन आजारी पडलं तर उपचार हवेतच. पण कुणाला 'वेडा' म्हणायची घाई करू नका. आधी त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. माणूस शिक्क्यापेक्षा फार मोठा असतो.